जोडीची तिकिटं

वर्ध्यात आम्ही बिऱ्हाड थाटलं त्याच सकाळी शेजारचे शेषराव दारात येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, गाव कोणतं म्हणून विचारणं नाही. माझ्या हातात नुकतंच आलेलं पाकीट होतं. त्यावर नजर रोखून ते म्हणाले, "जोडी हाय काय?"

मी म्हणालो, "हो, आत चूल पेटवतेय."

"ती नाई जी! तिकिटावर. तिकिटावर जोडी हाय काय?"

पाकिटावर दोन आण्यांचं साधं तिकीट होतं, सूत कातणाऱ्या बाईचं. शेषरावांनी ते नाकाशी नेऊन पाहिलं आणि पाकीट परत दिलं. "एकटीच हाय बिचारी," असं म्हणून ते निघूनही गेले. बायकोनं आतून विचारलं, "कोण होतं हो?" काय सांगणार, कपाळ!

पुढं कळलं ते असं. शेषराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. वय पंचेचाळिशीच्या आसपास, डोक्यावर केस मोजके, पण त्यांना खोबरेल तेल मात्र पोटभर. घरात एकटेच. आणि नाद काय, तर टपालाची तिकिटं जमवायची. तीही फक्त जोडीची. राजाराणी, नाचणारे तरुण-तरुणी, गवतात बसलेले मेंढपाळ आणि त्याची ती, अगदीच नाही तर चोचीत चोच घातलेली कबुतरं. गावाबाहेरच्या आश्रमात गोरे पाहुणे येत, कॉलेजातल्या प्रोफेसरांना परदेशची पत्रं येत. त्या सगळ्यांच्या दारात शेषराव पोस्टमनच्याही आधी हजर. एकटा राजा असला की तोंड फिरवायचे. "एकटा राजा मले नाई पाहिजे. त्याले काय चाटू?"

एकदा मी मोठ्या हौसेनं चार आण्यांचं बैलजोडीचं तिकीट नेऊन दिलं. शेषराव माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच माझ्या शिक्षणाची शंका आली.

"मास्तर, दोन्हीही बैलच हायेत ना जी! याईचा संसार होते काय?"

जोडी मिळाली की मात्र त्यांची रसवंती सुटे. खाटेवर तिकीट ठेवून, भिंग लावून, ते मला एकेका जोडप्याचं घरचं सांगायचे. "हे पाहा, राजाचं लगन हाय. रानी खुश हाय, पन राजाले बूट चावून राह्यला. तोंड पाहा त्याचं!" नाचणाऱ्या जोडप्याबद्दल एकदा छातीठोकपणे म्हणाले, "हे नवराबायको नाई."

"कशावरून?"

"एकमेकाचं आयकून राह्यले ना!"

हसून माझी मुरकुंडी वळली. आमच्या घरातून भांडं आपटल्याचा आवाज आला तेव्हा मी आवरतं घेतलं.

दर शनिवारी मात्र वेगळंच सोंग. शेषराव धुतलेला सदरा घालायचे, होत्या-नव्हत्या केसांचा भांग पाडायचे, एक पाकीट काखोटीला मारून पोस्टात जायचे आणि पेटीत टाकल्यावर ते तळाशी पडलं की नाही हे कान लावून ऐकायचे. पेटीला कान लावणारा माणूस वर्ध्यात दुसरा नव्हता, त्यामुळं गावात चर्चेला ऊत. कुणी म्हणे नागपूरला ठेवलीय, कुणी म्हणे गोरी मड्डम आहे. आमच्या सौभाग्यवतींचा निकाल तर तयारच होता: "चळलेत. घोड्यावर बसायचं वय गेलं, पण खोड गेली नाही."

एका शनिवारी शेषरावांना सडकून ताप भरला. पाकीट टाकायचं काम माझ्याकडे आलं. पाकिटावरचा पत्ता न वाचण्याइतका मी साधू नाही. वाचला. 'सौ. कौसल्याबाई, डोमाजी पाटलांचे घरी, मुक्काम हिंगणी.' पाकिटाला जाडी नव्हती, आत पत्राचा कागद नसावा. संध्याकाळी काढा घेऊन गेलो तेव्हा विचारलंच, "काय शेषराव, ही कौसल्याबाई कोण?"

"बायको," ते म्हणाले. "माही."

मी काढ्याचा पेला खाली ठेवला आणि खाटेशी बसलो.

मग तापाच्या भरात सगळं बाहेर आलं. पूर्वी, दुसऱ्या गावी नोकरीला असताना, शेषराव सगळीच तिकिटं जमवत. पाण्यात भिजवून सोडवायची आणि उन्हात वाळत घालायची. एका उन्हाळ्यात कौसल्याबाईंनी खाटेवर उडदाचे पापड वाळत घातले होते. ह्या महाशयांना तेवढीच सपाट जागा दिसली. तिकिटं ओल्या पापडांवर पसरली, ती चिकटली, आणि संध्याकाळी पाहुणे आलेल्या डोमाजी पाटलांच्या, म्हणजे बाईंच्या सख्ख्या भावाच्या, पानात तळलेली इंग्लंडची राणी आली. डोमाजीनं अर्धी खाल्ली. मग घरात जो शिमगा झाला तो विचारू नका. कौसल्याबाई कंबरेला पदर खोचून म्हणाल्या, "सांगा आता. तिकिटं पाहिजे का मी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हातात चिमटा होता जी. मी म्हनलं, थांब, हे एक सुकू दे."

बाई थांबल्या नाहीत. भावाच्या छकड्यात बसून हिंगणीला गेल्या, त्याला दोन पावसाळे झाले.

त्या दिवसापासून शेषरावांनी बाकीची तिकिटं पोराटोरांना वाटून टाकली. उरली जोडीची. तीच एकेक करून ते बायकोला पाठवत होते. पहिल्यांदा तर परदेशचं तिकीट इतकं देखणं दिसलं की तेच पाकिटावर डकवलं. पाकीट बैरंग झालं, डोमाजीला दुप्पट दंड भरावा लागला आणि त्याच्या शिव्या पार सेलूपर्यंत ऐकू गेल्या म्हणतात.

"पण शेषराव, चार ओळी लिहा ना सरळ!"

"तिले वाचता येत नाई, मास्तर. पत्र वाचते डोमाजी. अंगनात बसून, गाव गोळा करून वाचते. माह्या मनातलं त्याच्या तोंडून आयकवू काय तिले?" भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "तिकीट पाह्यलं की तिले समजते. समजत असन."

उत्तर कधी आलं नव्हतं. पण पाकिटंही परत आली नव्हती, एवढ्यावर हा माणूस जगत होता. मला गलबलून आलं. तसं दाखवलं नाही, काढा थंड होतोय म्हणून ओरडलो.

दिवाळी झाली आणि कापसाच्या गाडीबरोबर डोमाजीचा निरोप आला. 'पंधरा दिवसांत माणसासारखं येऊन बहिणीला घेऊन जा, नाही तर पंच घेऊन मी येतो आणि सोडचिठ्ठी करून टाकतो.' शेषरावांचं तोंड पांढरंफटक पडलं. जायची हिंमत नव्हती. डोमाजीचा हात म्हणजे मोटेचा दोर. शेवटी मी दटावलं, "डोमाजी वाचू दे नाही तर गाव वाचू दे, पण आता लिहा!" त्यांनी लिहिलं. अख्खी संध्याकाळ कंदिलाला पाठ करून लिहीत होते. मला डोकावू दिलं नाही. पाकीट बंद करून दुसऱ्या दिवशी टाकलं.

दोनएक दिवस गेले. सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर गल्लीच्या तोंडाशी बाईच्या रडण्याचा आवाज. पाठोपाठ छकडा. छकड्यात कौसल्याबाई, गाडीवानाच्या जागी डोमाजी, आणि मागं लांबच लांब दोन हिरवे बांबू. शेषराव गलका ऐकून बाहेर आले. नुकती आंघोळ झालेली, कंबरेला पंचा.

डोमाजीच्या हातातला कासरा गळून पडला. बाईंनी रडता रडता डोळ्यांवरचा पदर काढला.

"डोमाजी," शेषराव चाचरत म्हणाले, "हे बांबू काऊन आनले जी?"

"तुमच्यासाठीच!" डोमाजी गरजला. "एकला मानूस, कोनी हात लावला असन-नसन, म्हनून जंगलातून तोडून आनले! रातभर बैल हाकून राह्यलो मी!" आणि खिशातून कागद काढून त्यानं नाचवला. "हे काय हाय मंग?"

कागदाचा कोपरा कापलेला होता.

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची खबर, आणि हिरवे बांबू म्हणजे तिरडी. असलं पत्र घरात नेत नाहीत, बाहेरच आंघोळी करतात. आणि आमच्या शेषरावांच्या घरात कोपरा असलेला कागद होताच कुठं? तिकिटासाठी कोपरा कापलेली पाकिटं ते उलगडून ठेवत, आणि आतल्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादीही लिहीत. आयुष्यातलं पहिलं प्रेमपत्रही त्यांनी त्यावरच लिहिलं! पाकिटावर अक्षर खुद्द मयताचं होतं, पण रडारडीत तेवढं कोण पाहतो? आतलं तर कुणी वाचलंच नव्हतं.

मी खदखदून हसणार तेवढ्यात माझं लक्ष बाईंकडे गेलं. कपाळावर कुंकू होतं. हातात बांगड्या होत्या. डोमाजीच म्हणाला, "गावच्या बाया बांगड्या फोडाले बसल्या होत्या. हिनं कोनाले हात लावू देला नाई. म्हने मी डोयानं पाहीन तवाच."

कौसल्याबाई छकड्यातून उतरल्या. भावाच्या हातातून कागद घेतला आणि नवऱ्यापुढं धरला. "वाचा."

"आत जाऊन वाचतो ना."

"अठीच वाचा. रातभर रडत आनलं मी याले."

सारी गल्ली दारात आली होती. आमची बायको तर पायरीवर बैठक मारून. शेषरावांनी पंचा घट्ट केला, कागद डोळ्यांशी नेला. मग कागद खाली घेतला आणि मान खाली घालून म्हणाले, "मले करमत नाई. येवढंच लिवलं हाय."

बाईंचे डोळे पुन्हा भरले, पण ह्या खेपेला आवाज चांगलाच कडक होता.

"मंग हे तोंडानं सांगाले तिकीट लागत होतं काय?"

आणि पदर खोचून त्या आत गेल्या. शेषराव दाराला धरून लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, उगाच दात घासण्याचं नाटक करत. डोमाजीची मात्र पंचाईत झाली. बैलांकडे बघावं, बांबूंकडे बघावं, त्याला काही सुचेना. शेवटी त्यानं दारातूनच विचारलं, "बाई, मंग हे बांबू वापस नेऊ काय?"

"राहू दे," आतून आवाज आला. "दारात वाल लावीन म्हनते. वेल चढवाले होतील."

वालाला शेंगा धरायला किती महिने लागतात, हे डोमाजीसारख्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि निमूटपणे बांबू उतरवायला लागला.