ठिपक्याबाबत खुलासा

कारखान्यात एक ठिपका सापडला आणि त्याची रीतसर नोंद झाली. नोंद गुणवत्तासाहेबांनी स्वतः केली, कारण सापडला त्यांनाच. ठिपका तिळाएवढा होता. मोबाइलच्या निळ्या अ‍ॅल्युमिनियम कवचात, सिमकार्ड सरकवायच्या खाचेच्या आतल्या अंगाला, तो रंग न लागता पांढराच राहिला होता. साहेब नवे, भिंग नवं, आणि रुजू होऊन तीन आठवडे झाले तरी एकही दोष हाती लागलेला नाही. असा माणूस खाचेत डोकावणार नाही तर काय करणार?

टाकीवरच्या मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर सव्वीस वर्षं रंगाच्या टाकीशी उभे होते. कवच किती मिनिटं बुडवलं की कसला निळा चढतो, हे ते घड्याळाकडे न बघता सांगत. त्यांची नखं कायमची निळी झाली होती. बायको म्हणायची, तुम्ही हरवलात तर पोलिसांना फोटो द्यायला नको, नखं सांगितली की पुरे.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पकडीची जागा आहे, साहेब. कवच अ‍ॅसिडात टांगून करंट सोडतो. करंट गेला की थर बसतो, थर बसला की रंग धरतो. आता करंट जायचा तर पकडीनं कुठेतरी धरायला हवंच ना? जिथे धरलं तिथे थर नाही, म्हणून रंगही नाही."

"मग धरू नका."

"न धरता टांगायचं कसं?"

"तो तांत्रिक भाग झाला. तो तुम्ही बघायचा."

संध्याकाळपर्यंत नोटीस आली. ठिपका आढळल्याबद्दल लेखी खुलासा करावा, पंधरा दिवसांत ठिपक्यांचं प्रमाण शून्यावर आणावं, अन्यथा आपणांस टाकीवरून मुक्त करून खोक्यांना चिकटपट्टी लावण्याच्या विभागात सन्मानपूर्वक सामावून घेण्यात येईल. टाकी सोडून मास्तरांना जगात दुसरं काही नव्हतं.

घरी बायको शिवणाच्या मशीनवर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दातात दोरा तोडला.

"अहो, मागे त्या बाईंच्या झग्यावर माझ्याकडून इस्त्रीचा डाग पडला होता, आठवतंय? डाग काही जाईना. मी त्यावर एक फूल भरलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण हजर. मलाही तस्संच फूल हवं म्हणून! जात नाही ना तुमचा ठिपका? मग त्याला मान द्या."

बुडत्याला काडीचा आधार. मास्तरांनी खुलासा लिहिला : "सदर ठिपका हा दोष नसून आपल्या कवचाच्या अस्सलपणाची खूण आहे. नक्कल करणाऱ्यांस ती साधत नाही." शिव्या खायच्या तयारीनंच त्यांनी तो कागद दिला.

साहेबांनी तो तीनदा वाचला. "हे आधी का नाही सांगितलंत?" असं म्हणून त्यांनी तो स्वतःच्या सहीनं वर धाडला. वरून शाबासकी आली, ती अर्थातच सहीला. साहेब मुख्य गुणवत्तासाहेब झाले. मास्तरांची टाकी वाचली. खरं नशीब उघडलं ते ठिपक्याचं.

कारण खूण म्हटली की ती दिसायला हवी. ठिपका खाचेतून बाहेर काढून कवचाच्या पाठीवर, कॅमेऱ्याच्या खाली आणण्यात आला. दिसायचा म्हटल्यावर सगळीकडे सारखा हवा, म्हणून त्याचं माप ठरलं. माप ठरल्यावर ते मोजायला माणसं आली, आणि माणसांना बसायला जागा लागली. मोठ्या खिडकीची एकच खोली होती, जिथे उजेडात कवचांचा रंग पारखत. ती ठिपका कक्षाला मिळाली. रंग पारखणं, जागेअभावी, तूर्त स्थगित झालं. एकदा निळ्याऐवजी शेवाळी कवचं निघाली. मास्तर धावत गेले. कक्षातल्या बाईंनी भिंगातून वर न बघता सांगितलं, "ठिपके चोख आहेत. पास." आणि ती शेवाळी कवचं निळी म्हणून विकली गेली. एकानंही तक्रार केली नाही.

"ठिपका बघूनच घ्या" अशी जाहिरात लागली. लोक दुकानात मोबाइल आधी उलटा करायला लागले. ज्या कारखान्यांच्या मालाला ठिपका नव्हता, त्यांनी बिचाऱ्यांनी खिळ्यानं खरवडून पाडला.

या सगळ्यात मास्तरांचा जीव तुटत होता. साहेबांनी भिंग लावायच्या कितीतरी आधीपासून तो ठिपका त्यांना सलत आलेला. जेवणाच्या सुट्टीत ते कोपऱ्यात बसून पकडीची टोकं घासायचे, केसाएवढी बारीक करायचे, मोडली की पुन्हा घासायचे. शेवटी त्यांनी अशी पकड बनवली, की ती कवचाला स्क्रूच्या भोकात, आतल्या आट्यांत धरायची. स्क्रू बसला की ती जागाच बुजायची. एका दुपारी त्यांनी साठ कवचं अशी टांगली. करंट दिला, रंगात बुडवली, उकळत्या पाण्यातून काढली. आतून बाहेरून नुसता निळा. मास्तर तिथेच, टाकीला टेकून रडले.

नॅपकिनवर मांडून ती कवचं ते साहेबांकडे घेऊन गेले.

"साहेब, पंधरा दिवस दिले होतेत. अडीच वर्षं लागली, माफ करा. पण शून्य."

साहेबांनी एक कवच उलटं केलं, सुलटं केलं. चेहरा उतरला.

"ठिपका कुठाय?"

"नाहीच!"

"नाही म्हणजे? मग हा माल आपला कशावरून?"

"मी केलाय, साहेब. या हातांनी." मास्तरांनी निळी नखं पुढे केली.

"ते तुम्ही म्हणता. ठिपका म्हणत नाही."

नोटिशीचा नमुना तयारच होता. ठिपका न आढळल्याबद्दल लेखी खुलासा करावा. यावेळी पंधरा दिवस मात्र नव्हते, प्रकरण बनावट मालाचं होतं. मास्तरांच्या समक्ष एकोणसाठ कवचं चिरडली गेली. साठावं त्यांच्या खिशात होतं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर खोक्यांना चिकटपट्टी लावू लागले. पट्टीवर छापलेलं होतं : ठिपका बघूनच घ्या.

ते साठावं कवच त्यांनी लेकीच्या मोबाइलला बसवलं. लेक कॉलेजात होती.

"बाबा, कसला भारी रंग आहे!" तिनं त्यावरून बोट फिरवलं, मग मोबाइल उलटा केला आणि कॅमेऱ्याच्या खाली तिचं बोट अडलं. "बाबा... मैत्रिणी बघतात हो. डुप्लिकेट म्हणतील."

"अगं, जगात असं एकच आहे."

"तेच ना. एक ठिपका पाडून द्या ना, बाबा. तुमचा हात स्थिर आहे."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "मी फूल भरायला सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली, "भोक पाडायला नाही." पण लेकीचे डोळे भरून आले होते. मास्तरांनी खिळा घेतला आणि कॅमेऱ्याच्या खाली, बरोब्बर मापाचा, असा ठिपका पाडला की कक्षातल्या बाईंनी पहिल्या नजरेत पास केला असता.

तुम्ही हसताय, हसा. पण इथवर येईपर्यंत मध्येच तुम्हीही आपला मोबाइल उलटा करून कॅमेऱ्याच्या खाली बघितलंत. ठिपका नव्हता, आणि क्षणभर का होईना, तुम्हाला मोबाइल विकणाऱ्या दुकानदाराचा संशय आला.