हात ऐकत न्हाई

चाकणच्या कंपनीतल्या ज्योतीरामला ब्रेकचे पार्ट ओळखता येत नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्याने आधी स्वतःचा चष्मा पुसावा. अकरा वर्षं झाली गड्याला. चांगला नग उजवीकडच्या हिरव्या क्रेटमध्ये, खराब डावीकडच्या लाल क्रेटमध्ये. केसाएवढी चीर त्याच्या नजरेतून सुटायची नाही.

आणि सुपरवायझरच्या परीक्षेत याच माणसाचे वीसपैकी सोळा चुकले! परीक्षा कॉम्प्युटरवर. पडद्यावर पार्टचा फोटो आला की बटण दाबायचं. पण 'ओके' डावीकडे आणि 'रिजेक्ट' उजवीकडे. चांगला पार्ट दिसला की हात सवयीने उजवीकडेच धावायचा.

"दादा, तुम्हाला पार्ट ओळखता येत नाहीत का?" परीक्षा घेणाऱ्या नीलिमा मॅडमनी विचारलं.

ज्योतीरामला ते फार लागलं. "वळखतो की मॅडम! पन हात ऐकत न्हाई."

"पुढच्या सोमवारी शेवटची संधी. नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ."

घरी बायकोने, अनिताने, सगळं ऐकलं आणि बटाट्याचं पोतंच त्याच्यापुढे ओतलं. "चांगला डावीकडं टाका, सडका उजवीकडं. कसा ऐकत न्हाई त्यो हात, बघतेच मी!"

पहिल्या दिवशी चांगले बटाटे उकिरड्यावर गेले आणि सडके घरात राहिले. अनिताने आवाज चढवला, पुन्हा ओतलं, पुन्हा निवडायला लावलं. रविवारपर्यंत हात पार सुतासारखा सरळ झाला.

सोमवारी ज्योतीराम बाह्या सरसावून बसला. शॉप मॅनेजर दौलतरावही उत्तरांचा कागद घेऊन शेजारी बसले होते. पहिल्या दहांत नऊ चूक!

"मॅडम, बटनं कुनी हलवली?"

"मीच. तुमच्यासाठीच, दादा! लाइनवर ओके उजवीकडे असतं ना, म्हणून सकाळी बदलून घेतली."

"अगं आई गं! आन् मी आठवडाभर बटाटं निवडलं ते?"

ज्योतीरामला रडूच यायचं बाकी होतं. मग त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले. "नव्यानं घ्या. मी तोंडानं सांगतो, तुमी दाबा."

दौलतरावांनी मान डोलावली.

"ओके. ओके. चीर हाय, रिजेक्ट. ओके." ज्योतीराम धडाधड सांगत होता, मॅडम झटाझट दाबत होत्या. शेवटी पडद्यावर आकडा आला: वीसपैकी सात.

दौलतरावांनी कागद पाहिला. "गडी तर वीसच्या वीस बरोबर बोललाय!"

मॅडमचा चेहरा लाल झाला. वर्षभर जुन्या बटणांवर त्याच तर सगळ्यांना सराव देत होत्या.

ज्योतीराम हळूच म्हणाला, "मॅडम, तुमाला पार्ट..."

"पुढे बोलू नका, दादा!" मॅडम हसत सुटल्या. त्यांनी निकालाचा फॉर्म ओढला. त्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन होते, पात्र आणि अपात्र. त्यांनी पेन टेकवलं तोच ज्योतीराम ओरडला, "मॅडम, आधी वाचा!"

मॅडमनी पेन त्याच्यापुढे धरलं. "तुम्हीच करा बरं खूण."

ज्योतीरामने हात आणखी खोल मांडीखाली सारले.

शेवटी दौलतरावांनी पेन घेतलं, दोन्ही चौकोनांवरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि मगच खूण केली.