अधेलीची बोली

आमच्याकडे चांदीच्या लिलावात नाणी माणसांवर बोली लावतात. दसरा झाला की चिंतामणी मंगल कार्यालयात हा लिलाव भरतो. नाणी लाल कापडावर ओळीने बसतात, माणसं एकेक करून स्टेजवर चढतात, आणि ज्या नाण्याची बोली सगळ्यांत चढी, ते त्या माणसाच्या घरी जातं. बोली दिवाळ्यांत लागते. तुमच्याकडे किती दिवाळ्या राहीन ते नाणं आधीच सांगतं, आणि तेवढ्या राहतं.

मी आजवर कधी गेले नव्हते. आमचे हे होते तोवर गरजच पडली नाही. हे इतके बोलत की घरात नाण्याला बोलायला जागा कुठून मिळणार! हे गेले आणि घर गप्प झालं. मागच्या दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन एकटीच बसले आणि चकली मोडल्याच्या आवाजाने स्वतःच दचकले. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, पुढच्या दिवाळीला घरात बोलणारं नाणं हवंच.

शेजारच्या उषा बागवेला लिलावाची माहिती होती. ज्या नाण्यांवर तोंड असतं तीच बोलतात, बाकीची नुसती वाजतात, असं तिने सांगितलं. तुझ्या वयाला फार आशा धरू नकोस, हेही सांगितलं. मनात म्हणून काही ठेवत नाही मेली. तरी सोबत आली.

लिलावात माणूस आधी वाजवून घेतात. पाटावर उभं राहायचं आणि खाली उडी मारायची. त्याआधी किल्ल्या, मोबाईल, बांगड्या काढून ठेवाव्या लागतात, नाहीतर नाण्यांची फसगत होते. माझ्या आधी एक बिल्डर चढला. पांढरे बूट, गळ्यात साखळदंडाएवढी साखळी, तीही काढायला लावली. उडी मारली तर असा बद्द वाजला की एक नाणं जागचं हललं नाही. पुन्हा मारतो म्हणून तो गयावया करायला लागला. लिलाव पुकारणारे नार्वेकर म्हणाले, माणूस एकदाच वाजतो. मग एक नवं जोडपं हातात हात घालून उडालं, ते खणखणीत वाजलं. बोली चढत चढत चाळीस दिवाळ्यांवर गेली आणि एक जाडजूड रुपया त्यांच्याबरोबर गेला.

मग माझं नाव पुकारलं. मी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली. माझा गुडघा तेवढा वाजला.

एकाही नाण्याने बोली लावली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरून घरी पळावं असं वाटत होतं, तेवढ्यात शेवटच्या ओळीतून आवाज आला. एक आठ आण्यांची अधेली होती. तिच्यावरचा राणीचा चेहरा घासून घासून इतका पुसट झाला होता, की नाक आणि ओठ तेवढे शिल्लक होते.

"बाईंच्या जितक्या असतील तितक्या दिवाळ्या," ती म्हणाली.

नार्वेकरांनी आकडा विचारला. तिने तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि बोली धरली. दुसरं कुणी चढवायला पुढे आलं नाही, तेव्हा त्यांनी मला विचारलं, घेता ना?

आता आम्ही वाढलो ते असं, की पाहुण्याच्या घरी घसा कोरडा पडला तरी पाण्यालासुद्धा आधी नको म्हणायचं. समोरच्याने आग्रह करायचा, आपण मान वेळावायची, मग घ्यायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको हो, कशाला उगाच तिला त्रास."

"नकार, एक वार," नार्वेकर म्हणाले.

मी अधेलीच्या आग्रहाची वाट पाहत राहिले. पण नाण्यांना आग्रह कळत नाही. टाकसाळीत त्यांच्यावर एकच ठोका पडतो, तो पडला की झालं. मी आणखी म्हटलं, राहू दे, दुसऱ्या कुणाला तरी होईल. "नकार, दोन वार." खाली उषाने कपाळावर हात मारून घेतला. अधेली कापडावरून मागे सरकायला लागली.

जन्मात मी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. लग्नातला शालूसुद्धा सासूबाईंच्या पसंतीचा. हातोडी वर गेली तशी मी पुढे झाले.

"हवीय," मी म्हणाले. "मला हवीय ती."

नार्वेकरांनी हातोडी खाली ठेवली. दोनदा नाकारलेली बोली बाद होते, असं त्यांनी सांगितलं. आता बाईंना हवी असेल तर बाईंनीच बोली लावावी. माणसाने नाण्यावर बोली लावायची आमच्याकडे पद्धत नाही, पण मनाईही नाही.

मी म्हटलं, कपाटात ठेवणार नाही. सकाळचा चहा आपण बरोबर घेऊ. बिल्डर लगेच उठला. मखमलीची डबी, एसी लॉकर, खाली गादी! हॉलमधून वा वा झालं. मी म्हटलं, दुपारी मालिका बघू. तो म्हणाला, बाहेर पहारेकरी. माझ्याकडे आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. अधेलीच्या त्या झिजलेल्या नाकाकडे बघून मी म्हटलं, आणि जन्मात कधी घासणार नाही.

ती कापडावरून थोडी पुढे सरकली.

"मालिका कुठली?" तिने विचारलं.

मी नाव सांगितलं. नार्वेकरांनी तीन वार पुकारले आणि हातोडी आपटली.

रिक्षात उषा कुरकुरत होती, एवढं करून मिळाला तो अर्धाच रुपया म्हणून. मी लक्ष दिलं नाही. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मी रुमालाची घडी उलगडून अधेलीला तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने कुलूप काढलं. आत अंधार होता.

"घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

"आपण दोघी," मी म्हटलं, आणि दिवा लावला.