बारा गुंठ्यांची मोहीम

श्रीगजाननाचे स्मरण करून, बारामती आणि इंदापूर या उभय तालुक्यांची अदब राखून, ॲपाची हकीकत घडली तैशी लिहितो.

राजेश्वरी मॅडमसरकारांनी कॉलेजाच्या प्रोजेक्टाकरिता बारामतीकडील पणदऱ्याचे इंद्रजितराव आणि इंदापूरच्या रोहिणीबाई यांचा गट बांधिला आणि हुकूम फर्माविला, जे शेतकऱ्याने रान किती ते सांगावे, ॲपाने उसाची रोपे किती लागतील ते सांगावे. परीक्षेस खरा शेतकरी रुजू करावा. आकडा चुकल्यास दोघेही नापास. संवादाचे दहा गुण निराळे.

मग रोहिणीबाईंनी न पुसता रावांचे ॲपातील हिरवे बटण जांभळे केले आणि उभयतांत अबोला पडला, तो पंधरा दिवस. राजकारण सारे व्हॉट्सॲपावर. बाईंनी खलिता धाडिला की रान एकर-टिंब-गुंठे ऐसे लिहावे, दीड एकर म्हणजे १.२०, मान्य असल्यास कळविणे. राव ते समयी मिसळीच्या मोर्चावर गुंतले होते. न वाचता अंगठा दिला आणि हिशेब आपल्या मते रचिला.

परीक्षेचे दिवशी रावांचे आजोबा रामहरीआबा लॅबात दाखल जाहले. आबांनी दीड एकर रान बाईंच्या रीतीने १.२० ऐसे भरले. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे साठ यावे. परंतु यंत्राने १.२० हा शाळेतला दशांश समजून अठ्ठेचाळीस दाखविले. ऐसा बारा गुंठे मुलूख एका टिंबात बुडाला.

"बारा गुंठं कुणी गिळलं रं?"

"आबा, टिंब हिनं दिलंय."

"आणि अंगठा कुणी दिला? माझ्या आजीनं?" रोहिणीबाई.

"बांधावरच्या भावकीवाणी काय करताय? रान माझं गेलंय, तुमी बोला की एकमेकांशी!"

सरकारांनी अर्ध्या तासाची मोहलत बक्षिली. मग उभय शत्रुपक्ष एका बाकावर बसले, आणि बाई बोलल्या ते रावांनी ऐकिले, आणि राव बोलले ते बाईंनी ऐकिले, आणि एकरास एक चौकट, गुंठ्यास दुसरी ऐसा तह होऊन टिंब हद्दपार जाहले. आबांनी पुन्हा रान भरले. साठ गुंठे सलामत आले.

"आता कसं! लावा रोपं."

मग सरकारांनी पुसिले की हे कोणी सुचविले, तेव्हां दोघांनी एकदम दुसऱ्याचे नाव घेतले आणि दुसऱ्याचे काम समजावू लागले, ते थांबेनात.

येणेप्रमाणे फत्ते जाहली आणि गट पास जाहला. संवादाचे गुण दहापैकी नऊ. एक कापिला, कारण दोघे एकाच वेळी बोलत होते, सबब सरकारांस काही ऐकू आले नाही. हे दप्तरी रुजू असे.