'हाजिरजवाब'ची खुर्ची

अकोला, दि. १२ मे १९६३, रविवार. सकाळपासून झळा. वारा आहे, पण चुलीपुढून उठून आल्यासारखा. आभाळ स्वच्छ, म्हणजे रात्री शॉर्टवेव्हला खरखर कमी. (हवामानाची नोंद मी रेडिओच्या सोयीने करतो. पाऊसपाण्यासाठी सरकारी खातं आहे.)

आज माझ्याच घरात, माझ्याच पितळी पेल्यावर चमचा वाजवून माझ्या मुलीचं उत्तर चूक ठरवण्यात आलं. उत्तर बरोबर होतं. झालं ते क्रमाने लिहितो, न्याय वाचणाऱ्याने करावा.

माझी मुलगी रुख्मिणी हिला पाहायला अमरावतीचे पाहुणे यायचे होते. मुलगा गुलाबराव, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. वडील महादेवराव, मोर्शीकडे संत्र्याची बाग आणि अमरावतीत घर. सोयरीक जुळवली होती माझ्या साळ्याने, मोतीरामने. मुलगी मुलाला आधीच पाहून बसली होती, कौंडण्यपूरच्या जत्रेत. तेव्हापासून घरात कोणी 'अमरावती' म्हटलं की वरणात मीठ दुसऱ्यांदा पडायचं. तेव्हा ही सोयरीक मोडली तर काय होईल हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी बायकोने सांगितलंच.

"अवो, तो रेडिओ आतल्या खोलीत ठेवा," पार्बताबाई पोह्यांना फोडणी देता देता म्हणाली. "पाहुने पोरीले पाह्याले येऊन राह्यले, रेडिओले नाई."

"राहू दे ना समोर. चार लोकाईले दिसलं तर काय बिघडते?"

"बिघडन. कोनी त्याच्याकडं नुसतं पाह्यलं तरी तुमी सुरू होता. आज तुमी फक्त 'या', 'बसा' आन् 'घ्या' एवढंच बोलाचं."

मी रेडिओ हलवला नाही. फक्त त्याच्यावरचं क्रोशाचं झाकण झटकून नीट घातलं. एवढाच माझा अपराध. पुढच्या सगळ्या गोष्टींना हे झाकण कारण झालं असं आता घरात बोललं जातं, ते मला मान्य नाही.

इथे 'हाजिरजवाब'बद्दल थोडं सांगणं भाग आहे. परदेशातल्या एका स्टेशनवरून दर मंगळवारी रात्री हा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागतो. ज्याला बोलावलं असेल तो येतो, निवेदक "आइए, तशरीफ रखिए" म्हणतो, खुर्ची कुरकुरते आणि प्रश्न सुरू होतात. चुकलं की घंटा, टण्ण! साधे श्रोते प्रश्न आणि उत्तरं ऐकतात. आम्ही मुरलेले लोक मधलं ऐकतो. कठीण प्रश्नाच्या आधी निवेदक पाणी पितो, हे किती जणांना माहीत आहे? घंटा वाजवणाऱ्या माणसाला सबंध हिवाळाभर सर्दी होती, हे कोणाच्या ध्यानात आलं? एकदा चुकीच्या उत्तरानंतर लगेच पाल चुकचुकली आणि 'पालीनेसुद्धा खरं म्हटलं' असा दावा त्या उमेदवाराने लावून धरला, ते किती जणांनी ऐकलं? (माझ्या फॅक्टरीत मी एकट्याने. कापसाच्या जिनिंगच्या आवाजात इतरांचे कान गेलेले आहेत.)

पाहुणे दुपारच्या मोटारीने आले. महादेवराव चांगलेच अंगापिंडाचे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई शांत, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी. मुलगी पसंत पडली की तो नारळ तिच्या ओटीत जायचा. मुलगा गुलाबराव आल्यापासून जमिनीकडे पाहत होता. बसायला दोन खुर्च्या शेजारच्या लीलाबाईंकडून आणल्या होत्या. एकीवर महादेवराव, एकीवर मुलगा, बाकी सगळे सतरंजीवर.

मी म्हटलं, "या." म्हटलं, "बसा." पन्हं आलं तेव्हा "घ्या" म्हटलं. माझं काम तिथे संपलं होतं.

रुख्मिणी पोह्याच्या बशा घेऊन आली. नाव झालं, मॅट्रिक झालं, शिवण झालं. दुर्गाबाईंचा हात पिशवीकडे चालला होता. तेवढ्यात महादेवरावांची नजर झाकणावर गेली.

"रेडिओ हाय वाटते?"

स्वयंपाकघराच्या दारात बायकोच्या बांगड्या वाजल्या. मी मान हलवली. नुसती मान.

"मंगळवारचं लावता का नाई? 'हाजिरजवाब'?"

आता देवाने समोरून हाक मारल्यावर भक्ताने मान किती वेळ हलवायची?

"एकबी मंगळवार सोडला नाई!" मी म्हटलं.

महादेवराव खुर्चीवरून पुढे सरकले. "घंटावाल्याची सर्दी?"

"सबंध हिवाळा!"

"पाल?"

"'सच, सच' म्हने तो बुवा!"

"अरे वा बाप्पा! अमरावतीत आतापावतर एक मानूस भेटला नाई मले!"

"पहाच," मोतीराम हरखून म्हणाला. "म्या म्हटलंच होतं, घरानं सारखंसारखंच हाय."

त्या घटकेला ही सोयरीक जितकी पक्की होती तितकी कुणाची लग्न लागल्यावरसुद्धा नसते. मग महादेवराव रुख्मिणीकडे वळून मांडीवर थाप मारत म्हणाले, "मंग शिवन-टिपन राहू दे, पोरी. एक सवाल आमचा. 'हाजिरजवाब'ची खुर्ची कोनी मोडली?"

अभिमानाने मी सतरंजीवर ताठ बसलो. या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरातल्या मांजरालाही पाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एके मंगळवारी खुर्चीचा कर्रर्र-कडाड असा आवाज आला, निवेदक दचकला आणि त्यानंतर खुर्चीची ती जुनी कुरकुर कायमची बंद झाली. नवी खुर्ची आली, दुसरं काय!

"मेरठचा पहिलवान," रुख्मिणी खाली पाहत म्हणाली.

महादेवरावांनी चमचा उचलला आणि माझ्या पेल्यावर मारला. टण्ण!

"चूक! भोपाळची मास्तरीनबाई."

बायकोची ताकीद आठवली. मोतीराम माझा गुडघा दाबत होता. पण मला सांगा, परीक्षा घेणाऱ्यालाच उत्तर येत नसेल तर बापाने काय करायचं? मुलीला नापास होऊ द्यायचं?

"पहिलवानच," मी म्हटलं.

"मास्तरीन."

"पहिलवानानं बसताना 'जय बजरंग' म्हटलं आन् आवाज झाला. म्या या कानानं ऐकला!"

"त्या मंगळवारी इजा चमकत होत्या. तुमी आभाळाचा आवाज ऐकला. अकोल्याले काय कप्पाळ स्टेशन लागते!"

हा टोमणा मला नव्हता, गावाला होता. मी माझ्यापुरता गिळला असता. गावाचा कसा गिळणार?

"अमरावतीले लय लागते ना! म्हनून मोडलेली खुर्ची एक हप्ता उशिरा, मास्तरीन आली तवा ऐकू आली!"

"भाऊजी, जाऊ द्या ना," मोतीराम कळवळला. "खुर्ची त्याईची, तिकडं मोडली, आपल्याले काय करनं आहे?"

"चूप बस तू," महादेवराव आणि मी एकदमच म्हणालो. (एवढी एकवाक्यता त्यानंतर झाली नाही.)

महादेवराव बोट नाचवत म्हणाले, "पहिलवान कसा बसते? मांड्याईत जोर असते त्याच्या. हळूच बसते, फुलावानी. मास्तरीन भरल्या अंगाची बाई. ते धस्सकन बसली."

"भरल्या अंगाची हे रेडिओत दिसलं तुमाले?"

"आवाजावरून समजते. मोठ्या हाडाचा आवाज होता."

"बाप्पा!" दुर्गाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "बायकाईचे हाडं ऐकत बसता व्हय मंगळवारी?"

महादेवरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते उठून उभे राहिले. "दाखवतोच तुमाले. पाहा. हे मास्तरीन आली." त्यांनी धोतराचा सोगा पदरासारखा खांद्यावर घेतला, दोन पावलं मुरडत चालून आले, निवेदकाच्या गळ्याने स्वतःलाच "तशरीफ रखिए" म्हटलं आणि धस्सकन बसले.

कर्रर्र-कडाड!

लीलाबाईंच्या खुर्चीचे पाय चार दिशांना गेले. महादेवराव सतरंजीवर. पोह्यांची बशी त्यांच्या मांडीवर. दुर्गाबाई "अगं माय!" म्हणून उठल्या. रुख्मिणी पाणी आणायला धावली. मोतीरामने डोळे मिटून घेतले.

व्याह्याला लागलं का, हे विचारायला हवं होतं, मला मान्य आहे. पण तो आवाज! गेल्या पावसाळ्यापासून माझ्या कानात बसलेला आवाज! मी ओरडलो, "हाच! अगदी हाच आवाज!"

खाली पडल्या पडल्या महादेवरावांचा चेहरा उजळला. "हाच ना? हाच! मी सांगतो काय मंग! बाईवानी बसलो आन् मोडली. म्हंजे मास्तरीनच!"

आता हे तर्कशास्त्र कोणत्या पुस्तकात बसतं? मी शांतपणे (बायको म्हणते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं) समजावून सांगितलं, "बसले बाईवानी, पन वजन कोनाचं होतं? पहिलवानाचं! मोडली ते वजनानं. म्हंजे पहिलवानच!"

महादेवरावांचा चेहरा विझला. ते उठले, धोतरावरचे पोहे झटकले.

"म्हंजे मी जाडा."

"असं म्या म्हटलं नाई. म्या पुरावा सांगितला."

"पोरीच्या बापाच्या घरी जाडा म्हनवून घ्याले आलो नाई आमी. उठ रे गुलाब. चाला वो. ही सोयरीक होत नाई."

स्वयंपाकघरातून एक उलथनं खाली पडल्याचा आवाज आला. रुख्मिणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तो इतका घट्ट धरला होता की मला तिच्याकडे पाहवेना. तरीही मी विचारतो, यात माझी चूक कोणती? त्यातच कडाड आवाज ऐकून लीलाबाई आल्या, मोडलेल्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उरलेली खुर्ची गुलाबराव तिच्यावरून उठतात न उठतात तोच उचलून घेऊन गेल्या. जणू काही मी खुर्च्या मोडण्याचा धंदा काढला आहे!

महादेवराव जोडे घालून ओसरीवर गेले. दुर्गाबाई मात्र हलल्या नाहीत.

"तुमी व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मोटारीले वेळ हाय. पोरगं काय म्हनते ते तं ऐकू द्या मले."

तेव्हा गुलाबरावांनी मान वर केली आणि आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले, तेही सरळ माझ्या मुलीला.

"तुमाले आवडते का हे 'हाजिरजवाब'?"

रुख्मिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पोर बापाची बाजू राखेल.

"अजाबात नाई," ती म्हणाली.

"मलेबी नाई. आमच्याइथं मंगळवारी कोनाले बोलू देत नाई."

"आमच्याइथं खोकलू देत नाई."

"मले एकदा ताप होता, तरी भाईर झोपवलं. कन्हतो म्हने."

"माह्या बांगड्या काहाडाले लावते. वाजतात म्हने."

दोघं एकमेकांकडे पाहून हसले. चोर आणि पोलीस सोडून मी कुणाला इतक्या लवकर एकमेकांची ओळख पटलेली पाहिली नाही. गुलाबराव आईला म्हणाले, "पसंत हाय."

नारळ ओटीत गेला. पार्बताबाईने उलथन्यासकट हात जोडले. ओसरीवरून महादेवरावांचा आवाज आला, "मास्तरीनच होती म्हना!" मी उठणार होतो, पण मोतीराम माझ्या पायांवर बसलेला होता.

मग दोन्ही घरच्या बायकांनी स्वयंपाकघरात बसून, आम्हाला न विचारता, लग्नाच्या गोष्टी ठरवल्या. मुलाची एकच मागणी निघाली. लग्नात मी जावयाला रेडिओ द्यायचं ठरवलं होतं. तो देऊ नये. दुसरी अट दोघा विहिणींची: व्याही-व्याही एका पंगतीत बसणार नाहीत आणि एकमेकांशी 'या', 'बसा', 'घ्या' यापलीकडे बोलणार नाहीत. मुलीचा बाप मी. लग्न माझ्या दारात. आणि अटी मला! रुख्मिणीला विचारलं, तुला तरी खरं माहीत आहे ना, पहिलवानच ना? ती म्हणाली, "बाबा, हो म्हटलं तर लग्न होऊस्तोवर गप्प राह्यसान?" मी हो म्हटलं. ती हो म्हणाली.

दि. २ जून १९६३, रविवार. सकाळी ढगाळ, दुपारी उकाडा, संध्याकाळी वारा. रुख्मिणी आणि चि. गुलाबराव यांचं लग्न वेळेवर लागलं. रेडिओ दिला नाही. व्याह्यांच्या पंगतीत महादेवरावांना पाट मांडला होता, म्हणून मला बँडवाल्यांच्या पंगतीत बसवलं. खुर्चीचा विषय मी काढला. क्लॅरनेटवाला दर मंगळवारी 'हाजिरजवाब' ऐकतो. त्याच्या मते मास्तरीणबाई.