न कापलेला पट्टा

आमच्या गडब गावचे इस्माईलचाचा म्हशीला चारा घालण्याआधी स्वतः चावून बघतात. मारवेल गवताची काडी दाताखाली धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "आज नको. अजून गोडी उतरली नाय." म्हैस तोवर दाव्याला हिसके देत असते. "थांब गो, तुझ्यासाठीच चाललंय!"

चाचा पंचवीस वर्षं कुवेतमध्ये माळी होते, रस्त्याच्या चौकातली हिरवळ सांभाळायला. "एवढी हिरवळ वाढवली, पन एक बकरी सोडायची बंदी! असलं गवत काय कामाचं?" त्या रागातच परत आल्यावर त्यांनी माझ्या शेताला लागून असलेल्या माळावर मारवेल लावलं, ओळींमधून चवळी पेरली. म्हशीचं दूध वाढलं. पण मधला दहा हात रुंद पट्टा त्यांनी कधी कापला नाही. तो सशांचा आणि लावा पक्ष्यांचा. "उन्हाळ्यात सगळं रान बोडकं. ती बिचारी जातील कुठे, पेणच्या स्टँडवर?"

मी डिवचायचो, "चाचा, सशाचं दूध काढणार काय?"

"तू काढ. चहा मी टाकतो."

चहा खरंच टाकायचे. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माझा कप ठरलेला. चाची वारल्या, दोन्ही मुलगे आखातात.

आता, जे तीन वर्षं पोटात ठेवलं ते. भाताची रोपं टाकायची जागा आम्ही पावसाआधी पालापाचोळा पसरून भाजतो, तो राब. राब भाजायचा पहाटे, वारा पडलेला असताना; हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. मी उशिरा उठलो आणि भर दुपारी काडी लावली. ठिणग्या बांध ओलांडून गेल्या. ओल्या फांदीनं झोडपून बघितलं, पण अख्खा पट्टा गेला.

संध्याकाळी मी चहाला गेलो. "कोणीतरी बिडी टाकली असेल," म्हणालो.

"असेल," चाचा म्हणाले. पुढे दोन दिवस ते काठीनं राख उकरत फिरत होते. मेलेलं काही सापडलं नाही. मी रोज चहाला जातच राहिलो.

गेल्या आठवड्यात ते चवळी पेरत होते. मला बघून हाक मारली, तळहातावरची लेंडी दाखवली. "ससा परत आलाय, बघ!" चेहरा असा, जणू नातू झालाय.

तो चेहरा मला सोसला नाही. "चाचा, ती आग माझ्या राबाची होती."

त्यांनी लेंडी जपून खाली ठेवली. "म्हायत हाय."

"कसं?"

"तोंड धुऊन आलास रे, पन भुवया कुठून आणणार होतास?"

"मग बोलला का नाय?"

ते वाकून पुन्हा दाणे टाकू लागले. "बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. पोरगे फोनवर म्हणतात, अब्बा, गवताचं बास, तब्येतीचं सांगा. गवताचं ऐकणारा तू एकच हायस."

मग ते यंदाच्या चवळीबद्दल सांगू लागले. मी बांधावर बसलो.