नऊ प्रेमदास आणि एक मारोतमामा

मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे. आमच्या घरातला पहिला. आई-वडिलांनी कष्ट केले म्हणून मी शिकलो, हे खरंच. पण सेनगावच्या मारोतमामांनी एका सकाळी माझी कॉलर धरली नसती, तर माझ्या नावापुढे ती तीन अक्षरं आज लागली नसती. माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगतो.

मारोतमामा माझ्या आईचे भाऊ नाहीत. ते कोणाच्याच आईचे भाऊ नाहीत, तरी सगळा तालुका त्यांना मामा म्हणतो. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. आणि जगातली कोणतीही हालचाल ते फोटोंत मोजतात. एखादी बकरी नाली ओलांडून गेली की चहाचा कप तसाच हातात धरून म्हणतात, "सहा." म्हणजे त्या उडीत सहा फोटो होते. नवरीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घातला, "चार." जीपच्या टपावरून सोयाबीनचं पोतं खाली आलं, "तीन. फुटलं असतं तर आठ."

एकदा पावसाळ्यात दुकानासमोरच त्यांचा पाय घसरला आणि ते चिखलात सपशेल आडवे झाले. मी धावत गेलो. पडल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "गजू, बराबर पाहिलं का? पाच तरी होते न?"

अशा माणसाला मोटारसायकलच्या उड्या सापडल्या म्हटल्यावर काय होणार?

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एक माळ आहे. सोयाबीन निघालं की तिथे गावातलं एक मंडळ मातीतल्या मोटारसायकलींची शर्यत भरवायचं. ट्रॅक्टरनं माती ओढून घराएवढा उंच उंचवटा करायचा, आणि पोरांनी त्यावरून गाड्या उडवायच्या. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात होतो आणि संध्याकाळी मामांच्या दुकानात संगणकाचं काम बघायचो. पहिल्या शर्यतीहून मामा परतले ते तापलेलेच.

"पेपरवाले गाडी वर असताना एक फोटो काढतात," ते म्हणाले. "निघाली कुठून, पडली कुठं, कोनाले कळन? मानूस काय वरच लटकून राहतो का?"

त्यांना सगळी उडी एकाच चित्रात हवी होती. त्याची रीत अशी: कॅमेरा तिपाईवर पक्का रोवायचा. एका उडीचे एका दमात वीसेक फोटो काढायचे. मग संगणकावर प्रत्येक फोटोतला स्वार कडेकडेनं कापायचा आणि रिकाम्या माळाच्या एकाच फोटोवर त्यांना ओळीनं बसवायचं. एकाचं चाक दुसऱ्याच्या डोक्यात जाऊ नये म्हणून मधले काही गाळायचे. शेवटी दिसतं असं, की एकच माणूस आकाशात कमान करून नऊ वेळा उडतो आहे.

यात एकच अट असते. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. आणि आमची जमीन काळी, भेगाळलेली. शेजारून माणूस चालला तरी तिपाई मान डोलावते. म्हणून मामा तिपाईच्या पायांखाली विटा पुरायचे आणि भोवती चुन्याच्या फक्कीनं गोल रिंगण आखायचे. रिंगणात पाऊल टाकणाऱ्याच्या ते सात पिढ्या उद्धरत. "पाय हलला तर धरती हलली!" हे त्यांचं ब्रीद. एका म्हातारीनं ते रिंगण, त्यातलं तीन पायांचं आणि वर छत्री धरलेलं काहीतरी पाहिलं, चप्पल काढली आणि लांबूनच हात जोडले. मामा मला म्हणाले, "पडू दे पाया. आत न्हाई ना आली?"

आमचा आवडता स्वार म्हणजे तांड्यावरचा प्रेमदास. गडी गाडीवर बसला की गाडीचं वजनच जायचं. त्याची पहिली नऊ-फोटोंची उडी आम्ही जुळवली, छापली, काचेत लावली. दुसऱ्या दिवशी प्रेमदासचे वडील फुलसिंगकाका दुकानात आले. बराच वेळ नाक काचेला लावून उभे राहिले.

"मारोत, मी एक हाय का पाच?"

झालं होतं असं, की मी कापाकापीत नवखा. पोराला कापताना मागे धावणारा बापही थोडा थोडा सोबत येत गेला होता. वर नऊ प्रेमदास उडत होते आणि खाली पाच फुलसिंग धोतर सावरत पळत होते.

"तू काहून पळून राहिला होता?" मामा त्यांच्यावरच डाफरले. "पोरगं उडून राहिलं, तुले काय काम होतं?"

"बाप हाय मी. खाली पडलं तर झेलाले नको का कोनी?"

मी म्हणालो, "काका, चार काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," फुलसिंगकाका म्हणाले. "एवढ्या ठिकानी पोचलो होतो, हे मलेच ठाऊक नव्हतं."

तो फोटो त्यांनी घरी लावला. पुढे प्रेमदासला पाहायला आलेल्या मुलीकडच्या पाहुण्यांनी तो पाहून विचारलं म्हणे, "मुलाला भाऊ किती?"

तर आता त्या सकाळबद्दल. प्रेमदास सैन्यात भरती झाला होता आणि आठ दिवसांनी निघणार होता. माळाच्या मालकानं पुढच्या वर्षी तिथे हळद लावायचं ठरवलं होतं. म्हणजे ती शर्यत शेवटची आणि प्रेमदासची उडीही शेवटची. मामांनी त्यासाठी वर्षभर तयारी केली होती. जुना कॅमेरा मोडीत काढून सेकंदाला दुप्पट फोटो काढणारा आणला होता. "यंदा चौदा बसवू," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

आणि त्याच दिवशी अकरा वाजता हिंगोलीला माझा शेवटच्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा पेपर होता. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. एकट्या मामांना ते सगळं झेपणार नाही, हे मला दिसत होतं. पेपर पुढच्या खेपेला देता येईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी लवकर आम्ही विटा पुरल्या, रिंगण आखलं. मामांनी रिकाम्या माळाचा पहिला फोटो काढून घेतला. मी तिपाईचा पाय तपासायला वाकलो आणि खिशातलं प्रवेशपत्र खाली पडलं. ते खिशात ठेवलं तरी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मामांनी ते उचललं. चष्मा वर करून वाचलं. वरचा फोटो त्यांनीच काढलेला होता.

"आज?"

"मामा, पेपर पुन्हा देता येतो. ही उडी पुन्हा नाही."

"मह्या फोटोपायी तुहं वरीस गेलं तर तुह्या बापाले मी कोन्तं तोंड दाखवू?" त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला रिंगणाबाहेर ओढलं. स्वतःच्या रिंगणाची रेघ त्यांच्याच पायानं पुसली गेली. फुलसिंगकाका जवळच होते, त्यांना मामा म्हणाले, "इथं उभा राहा. कोनाले हात लावू देऊ नको. तू बी लावू नको."

मामांची मोटारसायकल आयुष्यात कधी चाळिसाच्या वर गेली नव्हती. त्या दिवशी ती कितीवर होती ते मी पाहिलं नाही, कारण डोळे मिटले होते. पावणेअकराला त्यांनी मला केंद्राच्या दारात सोडलं. "जा. मी निघतो," म्हणाले.

दोन वाजता मी बाहेर आलो, तर मामा समोरच्या लिंबाखाली गाडीवर बसलेले.

"तुम्ही गेला नाहीत?"

"मी गेलो असतो तर तू दुसऱ्या दारानं निघून माळावर आला असता. मी वळखतो तुले."

माळावर पोचलो तेव्हा माणसं पांगली होती. प्रेमदासनं त्याच्या आयुष्यातली सर्वांत लांब उडी मारली होती. कॅमेरा जागच्या जागी होता, चालू होता, बरोबर उंचवट्याकडे तोंड करून होता. शेजारी फुलसिंगकाका हात मागे बांधून उभे होते.

"कोनाले हात लावू देला न्हाई," ते अभिमानानं म्हणाले. "मी बी न्हाई लावला."

मामांनी वाकून कॅमेऱ्यात पाहिलं. मग इतके हसले, इतके हसले की शेवटी खाली बसले. मला हसू आलं नाही. मामाच मला म्हणाले, "पेपर कसा गेला, ते सांग आधी."

त्या दिवसाचा एकच फोटो निघाला, सकाळचा: रिकामा माळ, उंचवटा आणि वर आकाश. मामांनी तो मोठा छापून दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "यात काय आहे?" मामा म्हणतात, "काम चालू हाय." मी पास झाल्याचं कळलं त्या दिवशी मात्र ते बराच वेळ त्या फोटोसमोर उभे होते. मी मागून आलेलो त्यांना कळलं नाही. एका बोटानं ते काचेवरची धूळ पुसत होते, कमानीच्या आकारात.

पदवीदान झाल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"तीर्थरूप मारोतमामांस, साष्टांग नमस्कार.

पदवी मिळाली. सोबत पेन ड्राइव्ह पाठवतो आहे, त्यात झग्यातला माझा फोटो आहे. मी मध्ये उभा नाही, कडेला आहे, ही चूक नाही. फोटोग्राफर म्हणाला, मध्ये या. मी म्हणालो, अजून एक माणूस यायचा आहे. तो म्हणाला, मग थांबू का? मी म्हणालो, नको, ते नंतर येतील.

मामा, दुकानातले सगळे जुने फोटो मी एकदा चाळले होते. निम्म्या तालुक्याची लग्नं तुम्ही पाहिलीत, पण तुम्ही एकाही फोटोत नाही. आरशातसुद्धा नाही. म्हणून एवढं काम करा. दुकानाचं शटर ओढून घ्या, पांढरा सदरा घाला, पडद्यासमोर उभे राहा आणि कोणाला तरी बटण दाबू द्या. मग स्वतःला नीट कापून माझ्या शेजारी बसवा. जागा मोजून सोडली आहे. खांदा माझ्या खांद्याला लागू द्या.

ऊन माझ्या बाजूनं होतं, त्यामुळे माझी सावली तुमच्या जागेत पडली आहे. ती तुमच्या पायांवर येईल. तुम्हाला ती खटकेल, मला माहीत आहे. पण ती कापू नका.

तुमचा,
गजानन"